इलीगलमधले दोन एल कुठून आले

विरुद्धार्थी शब्दांची ती यादी प्रत्येक व्याकरणाच्या वहीत असते: करेक्ट–इनकरेक्ट, पॉसिबल–इम्पॉसिबल, लीगल–इलीगल, रेग्युलर–इरेग्युलर. मुलं हे चार वेगळे उपसर्ग समजून पाठ करतात आणि परीक्षेत हमखास गोंधळतात. मुळात उपसर्ग एकच आहे, लॅटिनमधून आलेला ‘इन्’. पुढच्या अक्षराप्रमाणे त्याचा ‘न्’ बदलतो, इतकंच. उत् + लास = उल्लास, सत् + जन = सज्जन हे ज्या मुलाने सोडवलंय त्याला इन् + लीगल = इलीगल अवघड जाऊ नये. आपल्याकडे संधी मराठीच्या तासाला शिकवतात आणि इंग्रजीच्या तासाला विसरतात.

पुढे पी, बी किंवा एम आला की ‘न्’चा ‘म्’ होतो. ‘इन्पॉसिबल’ असं चार वेळा भराभर म्हणून पाहा. ‘प’साठी ओठ मिटायची तयारी आधीच सुरू होते आणि ‘न्’ आपोआप ‘म्’कडे झुकतो. मराठीत ‘अंत’ म्हणताना अनुस्वार ‘न्’ होतो आणि ‘कंप’ म्हणताना ‘म्’ होतो, तेच हे. पुढे एल आला तर इल्, आर आला तर इर्. बाकी बहुतेक ठिकाणी इन् जसाच्या तसा राहतो.

स्पेलिंगच्या चुका इथेच होतात. उल्लासमधला दुहेरी ‘ल’ आपण उच्चारतो, म्हणून लिहिताना चुकत नाही. इंग्रजीत इलीगल, इमॅच्युअर, इरेग्युलर बोलताना एकच अक्षर ऐकू येतं, म्हणून एकच लिहिलं जातं. उपाय सोपा आहे: आधी मूळ शब्द पूर्ण लिहायचा, मग त्याच्या डावीकडे उपसर्ग पूर्ण लिहायचा आणि एकही अक्षर गाळायचं नाही. मॅच्युअर एमने सुरू होतो, उपसर्ग ‘आय-एम’, म्हणून एम दोन. ॲक्युरेट एने सुरू होतो, म्हणून इनॲक्युरेटमध्ये एन एकच. दोन असतात ते सी. अननेसेसरीत एन दोन, अनयूज्वलमध्ये एक.

आता ‘अन्’. हा इंग्रजीचा घरचा उपसर्ग. तो पुढच्या अक्षरासाठी आपलं स्पेलिंग बदलत नाही: अनपॉप्युलर, अनलकी, अनरिअल. लीगलचं इलीगल होतं पण लॉफुलचं अनलॉफुलच राहतं, कारण लीगल लॅटिनचा आणि लॉ इंग्रजीत मुरलेला जुना शब्द. आपल्याकडे ‘हजर’ला गैर लागतो आणि ‘उपस्थित’ला अन्: गैरहजर, अनुपस्थित. उलट करून पाहा, कानाला लगेच खटकेल. पण भाषा सोवळं पाळत नाही. ‘गैरसमज’मध्ये अरबी गैर देशी ‘समज’ला चिकटलाच ना? तसाच इंग्रजीचा अन् कित्येक लॅटिन शब्दांना लागतो. त्यामुळे मूळ पाहून अंदाज बांधता येतो, खात्री मात्र शब्दकोशातच करावी.

संस्कृतचा अ/अन्, ग्रीकचा अ/अन्, लॅटिनचा इन् आणि इंग्रजीचा अन् ही एकाच आदिम नकाराची रूपं आहेत. संस्कृतात व्यंजनापूर्वी असत्य आणि स्वरापूर्वी अनादर होतं. ग्रीकमधून आलेल्या ॲटम (न कापता येणारा) आणि ॲनर्की (शासनाचा अभाव) या शब्दांतही नेमका तोच नियम दिसतो.

सरावासाठी दोन खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. शेवटी ‘ईडी’ असलेल्या विशेषणांना जवळपास नेहमी अन् लागतो: अनडिसायडेड, अनएक्स्पेक्टेड, अनयूज्ड. त्याच डिसाइडपासून झालेलं इनडिसायसिव्ह मात्र इन् घेतं. दुसरी खूण फसव्या जोड्यांची: विशेषण अनइक्वल पण नाम इनइक्वॉलिटी, अनजस्ट पण इनजस्टिस, अनस्टेबल पण इनस्टॅबिलिटी. ही नामं लॅटिन-फ्रेंचमधून इन् घेऊनच आली, तर विशेषणांना इंग्रजीने आपला अन् लावला. या जोड्या मात्र पाठच कराव्या लागतात.

खरा धोका दुसऱ्याच ‘इन्’चा. लॅटिनमध्ये ‘आत, वर’ या अर्थाचाही इन् आहे, आणि त्याचेही संधी अगदी तसेच होतात: इम्पोर्ट, इम्मिग्रेट, इल्युमिनेट, इरिगेट. रूपावरून दोन्ही ओळखू येत नाहीत. पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ ‘झटकन पेट घेणारं’. इथला इन् ‘इन्फ्लेम’ या क्रियापदातला, नकाराचा नव्हे. ‘न पेटणारं’ असा अर्थ लावला तर जीवावर बेतेल, म्हणून सुरक्षेच्या पाट्यांवर आता ‘फ्लेमेबल’ला पसंती देतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच. उलट अर्थ हवा तर नॉनफ्लेमेबल. इनहॅबिटेबल म्हणजेही राहण्याजोगं. राहण्याजोगं नसेल तर अनइनहॅबिटेबल.

इनपुटमधला इन् पुढे पी असूनही इम् होत नाही, कारण तो म्हणजे ‘आत’ या अर्थाचा साधा इंग्रजी शब्द. लॅटिनच्या संधीशी त्याचं देणंघेणं नाही.

काही शब्दांत इन् नकाराचाच असतो, तरी साधा उलट अर्थ लावला की फसगत होते. इन्फेमस म्हणजे अप्रसिद्ध नव्हे, कुप्रसिद्ध. उच्चारही बदलतो: फेमसमधला ‘फे’ जातो, जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि शब्द ‘इन्फमस’ होतो. इनव्हॅल्युएबल म्हणजे कवडीमोल नव्हे. ज्याचं मोल करता येत नाही ते, आपलं ‘अमूल्य’. कवडीमोल म्हणायचं तर व्हॅल्युलेस.

आणि काही शब्दांत हा नकार इतका मुरलाय की दिसतच नाही. इन्फंट म्हणजे मुळात ‘न बोलणारा’. इनोसंट म्हणजे ‘इजा न करणारा’. एनिमी आला लॅटिनच्या ‘इनिमिकस’वरून: इन् आणि ‘मित्र’ या अर्थाचा ‘अमिकस’. संस्कृतातही शत्रूला अमित्र म्हणतात.