मुरबाडच्या खाचरातले बारीक जीव मोजताना

नांगरटीने मातीतले बारीक जीव किती कमी होतात, हे पाहायला मुरबाड तालुक्यात शेजारशेजारची दोन भातखाचरं निवडली. एकात दरवर्षी नांगरणी, चिखलणी, वर रोटाव्हेटर. दुसऱ्यात नेरळच्या सगुणा भात तंत्राचे कायमचे गादीवाफे. नांगर नाही, धसकटं जमिनीतच. दोन्हींचे नमुने एकाच सकाळी, कापणीनंतर ओल असतानाच घेतले. उन्हाळ्यात गांडुळं खोल जाऊन वेटोळं घालून बसतात, मग दोन्ही खाचरं सारखीच रिकामी वाटतात.

गांडुळांसाठी 25 सेंमी लांब-रुंद आणि 30 सेंमी खोल ठोकळा काढला, माती पांढऱ्या प्लास्टिकवर हाताने फोडली. ठोकळा बांधापासून दोन मीटर तरी आत हवा. बांधावर नांगर चालत नाही, तिथली गणती फसवते. तुकडे सापडले तर फक्त डोक्याकडचे मोजायचे. (एका गांडुळाची कापून दोन होतात, हे खरं नाही.) आकड्याला 16 ने गुणलं की चौरस मीटरचा हिशेब मिळतो.

खरी दमछाक स्प्रिंगटेल (उड्या मारणारे, बिनपंखी बारीक जीव) आणि माइटची (कोळ्याच्या जातकुळीतले आठ पायांचे बारीक जीव). बहुतेक दोन मिलिमीटरच्या आतले, डोळ्याला धुळीसारखे. 5 सेंमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपला कानशीने धार काढून तो 10 सेंमी ठोकला. वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळा ठेवला. नांगर वरचे जीव खाली गाडतो, त्यामुळे फक्त वरचा थर तपासला तर ते मेलेच असं वाटतं. नमुने थर्माकोलच्या खोक्यात, न हलवता ठाण्याला आणले.

मग मातीतून जीव बाहेर काढायला नरसाळं. वर 2 मिमीची जाळी, त्यावर माती उलटी, म्हणजे पृष्ठभाग खाली. जीव आपल्याच जुन्या भोकांतून बाहेर पडतात. खाली बाटलीत 70 टक्के अल्कोहोल, वरून दिवा. माती वरून तापून वाळत जाते, तसे जीव खाली सरकत बाटलीत पडतात. पहिली खेप इथेच वाया गेली. एलईडी लावला, उजेड पडला पण ऊब नाही, आठवड्यानेही माती ओलीच. मग 60 वॅटचा जुना बल्ब अगदी जवळ लावला, तर माती इतक्या लवकर भाजली की जीव आतच वाळले. शेवटी जांभळी नाक्यावरून 25 वॅटचा पिवळा बल्ब आणला, आधी उंच टांगला, रोज थोडा खाली सोडला. सहा दिवस लागले. माती नरसाळ्याच्या भिंतीला टेकू द्यायची नाही. तिथे पाणी सुटतं आणि जीव चिकटतात.

दहापट भिंगाखाली मोजताना जीव कमी होण्याचं कारण उमगलं. नांगराच्या फाळाने चिरडण्यापेक्षा चिखलणीने पोकळ्या बुजणं जास्त भोवतं. स्प्रिंगटेलला बीळ खणता येत नाही, ते आयत्या पोकळ्यांत राहतं. त्यात आच्छादन गेलं की वर ऊन, खाली घट्ट थर. तरी छोटे जीव लवकर परततात. खोल बिळं करणाऱ्या गांडुळांना वेळ लागतो. म्हणून चिखलणीनंतर एकदाच मोजून भागत नाही. पुढच्या हंगामात रोपणीआधी, फुलोऱ्यात आणि कापणीनंतर, असे तीन वेळा नमुने घेणार आहोत.