गुळाच्या गावात हॅमस्टर

हॅमस्टर पाळायचा म्हणजे पिंजरा, भुसा, फिरतं चाक हे सगळं जमतं. जमत नाही ते घरच्यांचे हात आवरणं. आमच्या कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण आमच्या हॅमस्टरला, गोट्याला, काहीतरी भरवायला बघतो. सासूबाईंचं तर रोजचंच, "एवढासा जीव त्यो, दे की जरासा गूळ. काय हुतंय?"

गोट्या ड्वार्फ, म्हणजे बुटका हॅमस्टर, त्यातही कॅम्पबेल जातीचा. वजन 50 ग्रॅमच्या आत. या जातीला मधुमेह पटकन जडतो, म्हणून गूळ-उसाला बंदी. आंबा, चिकू, केळंसुद्धा मी लांबच ठेवलं. "आई, त्याला तुमच्यासारखी शुगर लागंल," म्हटल्यावर मात्र त्याच पहाऱ्याला बसल्या. आता पोरं जवळ गेली की आधी त्यांचे हात तपासतात.

सुरुवात सफरचंदानं केली. स्वच्छ धुऊन, मधला गाभा आणि बिया काढून. बिया चावल्या गेल्या की त्यातून सायनाइड तयार होतं, तेव्हा त्यात हयगय नाही. तुकडा करंगळीच्या नखाएवढा, पहिल्या वेळी त्याच्याही निम्मा. मग दुसऱ्या दिवशी लेंड्या बघायच्या. घट्ट असल्या तरच पुढच्या आठवड्यात पुन्हा. एका वेळी एकच नवं फळ, म्हणजे पोट बिघडलंच तर कशानं ते कळतं. शेपटीखालची लव ओली दिसली तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा. एवढ्याशा अंगातलं पाणी संपायला वेळ लागत नाही.

खरी गंमत पुढं आहे. गोट्यानं तुकडा पुढच्या दोन्ही पायांत धरला, हुंगला आणि खाल्लाच नाही. सरळ गालात कोंबला. गाल फुगवून घरट्यात गेला आणि रिकामा होऊन बाहेर आला. म्हणजे माल गोदामात! हॅमस्टरची जातच साठेबाज, आणि भुशाखाली दडवलेल्या ओल्या फळाला बुरशी धरते. त्यामुळं फळ संध्याकाळी, तो जागा झाल्यावर द्यायचं आणि काही तासांनी भुसा चाचपून उरलेलं काढायचं. तो जे तोंड करून बघतो, ते सहन करायचं.

बेदाणे सांगलीहून घरी भरपूर येतात, पण त्यात साखर आटलेली असते, वर ते गालाच्या पिशवीत चिकटून बसतात. संत्रं, मोसंबी आंबट, म्हणून नाहीच. थंडीत महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की एक कापटी देते. ती मात्र जागेवरच संपते आणि मिशा गुलाबी होतात.

एरवी त्याचं मुख्य खाणं म्हणजे धान्याचं मिश्रण, जोडीला काकडीची चकती नाहीतर कोथिंबिरीची काडी. परवा कपिलतीर्थ मंडईतून हौसेनं नासपती आणली. त्यानं हुंगली, पाठ फिरवली आणि चाकावर चढला. सासूबाई म्हणाल्या, "आण हिकडं, त्येला न्हाई तर मला."