बाबांच्या पायातला कार्बन डायऑक्साइड

बाबांनी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत अठ्ठावीस वर्षे वेल्डिंग केले. कार्बन डायऑक्साइड त्यांना ठाऊक आहे तो सीओटू वेल्डिंगच्या सिलिंडरातला. त्यामुळे तोच वायू पायाच्या धमनीत सोडून अँजिओग्राफी करायची आहे, असे नाशिकमधल्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले.

मधुमेहामुळे त्यांच्या डाव्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती आणि मूत्रपिंडांचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन २.६ वर गेले होते. धमन्या क्ष-किरणांत दिसाव्यात म्हणून सोडला जाणारा नेहमीचा आयोडीनयुक्त डाय अशा दुबळ्या मूत्रपिंडांना आणखी इजा करू शकतो. या वायूने तसे होत नाही आणि त्याची अॅलर्जीही येत नाही.

मला धास्ती होती ती बुडबुड्याची. सलाइनच्या नळीत एवढासा बुडबुडा दिसला तरी आपण सिस्टरांना हाक मारतो. डॉक्टरांनी शांतपणे समजावले, की हवेतला नायट्रोजन रक्तात फारसा विरघळत नाही म्हणून अडकून बसतो. कार्बन डायऑक्साइड मात्र ऑक्सिजनच्या सुमारे वीसपट विरघळतो आणि फुप्फुसात पोहोचला की श्वासावाटे बाहेर पडतो. विरघळण्याआधीच्या त्या काही क्षणांत तो रक्ताला बाजूला सारून धमनी व्यापतो, आणि संगणक हाडांची प्रतिमा वजा करून तेवढी धमनी दाखवतो. फ्लोरिडातील डॉ. हॉकिन्स यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत रुजवली. पुढे डिजिटल यंत्रे आल्यावर तिची चित्रे खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली.

तरीही हे काम अतिशय जपून करावे लागते. मेंदूला धोका असल्यामुळे छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या वरच्या धमन्यांत हा वायू सोडत नाहीत. वायू रक्तापेक्षा हलका असल्याने वर तरंगतो, म्हणून पाय थोडे उंच ठेवतात आणि दोन मात्रांमध्ये दोन-तीन मिनिटे थांबतात. सर्वांत मोठी भीती त्यात नकळत हवा मिसळण्याची, कारण दोन्हींना ना रंग ना वास.

हे ऐकल्यावर बाबा पहिल्यांदा बोलले. "डॉक्टर, टॉर्च पेटवण्याआधी आम्ही गॅस सोडून पाइपातली हवा काढून टाकतो. तुम्हीही तसे करता ना?"

डॉक्टरांनी सिरिंज, नळी आणि एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा त्यांच्यासमोर मांडल्या आणि हवा नेमकी कुठून आणि कितीदा बाहेर काढतात, ते बोट ठेवून दाखवले. बाबांनी चष्मा लावून एकेक जोड निरखला आणि मग संमतीपत्रावर सही केली.