इंजिनाचा ठेका

रविवार, रात्री साडेअकरा

आज आयझेनस्टाइन या रशियन दिग्दर्शकाच्या ‘बॅटलशिप पोटेम्किन’ या मूकपटाचा शेवटचा भाग तीनदा पाहिला. आधी संगीतकार एडमंड माइझेलनं त्यासाठी लिहिलेल्या संगीतासह, मग आवाज पूर्ण बंद करून, मग पुन्हा संगीतासह. छाती अजून धडधडतेय.

या भागात घटना म्हणावी अशी एकच आहे. बंड केलेली एकटी युद्धनौका आणि समोरून येणारं रशियाच्या झारचं आरमार. ते तोफा डागणार की वाट देणार? आवाज बंद असताना दट्टे वरखाली होत होते, खलाशी पळत होते आणि मी नुसती बघत होते. संगीत लावलं तसा इंजिनाचा एकच ठेका घुमायला लागला. लय चढत जाते, सम येईल येईल वाटतं आणि येतच नाही. ‘जाऊ द्या रे त्यांना!’ मी चक्क मोठ्यानं म्हणाले. बाजू कधी घेतली ते कळलंही नाही.

माइझेलनं हे संगीत बर्लिनच्या प्रदर्शनासाठी, एप्रिल १९२६ मध्ये, जेमतेम बारा दिवसांत लिहिलं. शेवटच्या भागासाठी आयझेनस्टाइनची मागणी स्पष्ट होती: गोड चाली नकोत, निव्वळ लय हवी. सत्तेलाही त्या लयीची ताकद बरोबर कळली. जर्मन सैनिकांना हा चित्रपट पाहायला मनाई झाली. काही ठिकाणी तर चित्रपटाला परवानगी आणि संगीतावर बंदी! वाद्यवृंदाच्या कागदांना घाबरणारं सरकार. हे वाचल्यापासून माइझेलबद्दल फार आदर वाटतोय. छत्तिसाव्या वर्षी, १९३० मध्ये, गेला बिचारा.

पण आज एक गोष्ट टोचतेय. आरमारानं १९०५ मध्ये पोटेम्किनला खरंच वाट दिली होती. चित्रपट त्या जल्लोषावर थांबतो. पुढे काही दिवसांतच कोळसा आणि अन्नपाण्यावाचून हैराण झालेल्या खलाशांनी रुमानियात कॉन्स्टान्त्साच्या बंदरात शरणागती पत्करली. ओडेसा बंदराच्या शहरात माणसं मारली गेली हे खरं, पण चित्रपटातली ती जगप्रसिद्ध पायऱ्यांवरची कत्तल तशी घडलेली नाही, ती आयझेनस्टाइननं रचली. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. तरी ठेका सुरू झाल्यावर त्यातलं काही आठवलं नाही.

लंडनचा प्रसंग मात्र मनातून जात नाही. १९२९ मध्ये तिथल्या फिल्म सोसायटीत माइझेल स्वतः वाद्यवृंद चालवत होता. संगीत नीट बसावं म्हणून त्यानं चित्रपट थोडा सावकाश चालवायला लावला. त्यात दगडी सिंहांचं दृश्य आहे: झोपलेला, मान वर केलेला आणि उठलेला, असे तीन वेगळे पुतळे झपकन एकामागून एक येतात आणि दगडाचा एकच सिंह खवळून उठल्यासारखा वाटतो. त्या संथ गतीत ते तीन निरनिराळे सिंह आहेत हे दिसलं आणि लोक हसले. आयझेनस्टाइन माइझेलवर भयंकर चिडला.

मला ते हसणारे लोक राहून राहून आठवताहेत. लय जराशी ढिली पडली आणि त्यांना पुतळे दिसले.

उद्या पायऱ्यांचा भाग आवाज बंद ठेवूनच बघणार आहे. बोटं मात्र आत्ताही टेबलावर तोच ठेका धरून बसलीत.