ओल्या बोंबलांची पाटी

धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथलिक वस्तीच्या, कार्यालयात कारकून म्हणून बसलं की गावातलं बरंचसं वहीतून कळतं. आमच्या वसईच्या किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, कशासाठी करायचा ते हेतू लिहायची एक जाडजूड वही आहे. तारीख, वेळ, कशासाठी, कुणाकडून असे तिचे रकाने. बहुतेक ओळी मृतांच्या. उपकारस्तुती मधूनमधून, तीही दहावीचा निकाल, गल्फचा व्हिसा नाहीतर सुखरूप बाळंतपण यांची. मागायला आपण नऊ दिवसांचा नोव्हेना करतो, आभार मात्र एका ओळीत उरकतो.

सप्टेंबरातली सकाळ होती. फादर बिशप हाऊसला गेले होते. कोळीवाड्यातल्या एक मावशी आल्या आणि डोक्यावरची पाटी त्यांनी थेट माझ्या टेबलाशेजारी उतरवली. बर्फाचं पाणी फरशीवर ओघळायला लागलं.

“मिस्सा लिव, बाला. उपकारस्तुतीचा.”

“कशाबद्दल, मावशी?”

“ज्यांनी शिधा दिला त्यांच्यासाठी.”

मला संदर्भ लागला. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्यात त्यांचे यजमान आजारी, बोट शाकारलेली. त्या दोन महिन्यांत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची, म्हणजे गरजूंना मदत करणाऱ्या आमच्या कॅथलिक मंडळाची, दोन माणसं संध्याकाळची त्यांच्याकडे जायची, तांदूळ-डाळ-तेल घेऊन. औषधाची बिलंही भागवली. 1833 साली पॅरिसमध्ये वीस वर्षांच्या ओझानाम नावाच्या विद्यार्थ्यानं मित्रांना जमवून हे काम सुरू केलं. घरी जाऊन भेटायचं, ही त्यातली मुख्य गोष्ट. तेव्हापासून बैठकीत एक थैली फिरते. बैठकीचं इतिवृत्त मीच लिहितो, त्यामुळे ती माझ्या चांगली ओळखीची आहे: निळ्या कापडाची, तोंड अरुंद. जो तो मिटलेली मूठ आत घालतो आणि उघडा हात बाहेर काढतो. ज्याचा खिसा त्या दिवशी रिकामा, तोही मूठ घालतो. खजिनदाराला एकूण रक्कम कळते, कुणी किती टाकले ते कळत नाही. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये म्हणतात, त्याची इतकी चोख व्यवस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

तेव्हा कुणाकुणासाठी, ते मला लिहिता येईना. आणि “कुणाकडून” विचारलं तर मावशी म्हणाल्या, “माजं नाव नको घालू.”

आता पाटीचं काय? “ज्याच्याकडं आता शिधा जातो त्याच्याकडं जाऊ दे,” म्हणून त्या निघूनही गेल्या. ओले बोंबील! म्हणजे बहुतेक पाणीच, गुलाबी जबड्यांचे, हातातून सटकणारे. दुपारपर्यंत थांबणारं हे म्हावरं नव्हे. शिध्याच्या घरांची यादी सोसायटीच्या अध्यक्षांच्या कपाटात. त्यांना फोन केला तर म्हणाले, “परत पाठव. आपण लोकांकडून घेत नाही.”

मला रागच आला. द्यायला आपण पुढे, आणि कुणी आपल्याला द्यायला आलं की अंग चोरतो. ही नम्रता म्हणायची की ताठा? मी इतकंच म्हणालो, “बर्फ वितळतोय.” मग ते स्कूटर घेऊन आले.

बोंबलांचे वाटे केले, पिशव्या भरल्या आणि निघालो. कुणी धाडले ते सांगायचं नाही, असं ठरलं होतं. कुणी फारसं विचारलंही नाही. एका घरी आजीबाईंनी पिशवी ताटात ओतली, बोटानं मोजून चार बोंबील बाजूला काढले आणि आमच्याच हातात ठेवले. “शेजारणीला देऊन जा. मला ताप होता तेव्हा पेज तीच आणायची.” शेजारीण यादीत नव्हती. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी शेजारचं दार वाजवलं.

संध्याकाळी फादरांनी वही पाहिली. “कुणाकडून” हा रकाना कोरा आणि पानात घडी केलेली पन्नासची नोट. ते म्हणाले, गरजूंसाठी देणगी न घेताही मिस्सा करावा, अशी चर्चच्या कायद्यातच शिफारस आहे, नोट परत कर. मी नेऊन दिली. मावशींनी ती घेतली आणि रविवारी बहुधा पेटीत टाकली असावी, मी काही पाहायला गेलो नाही.

पुढच्या बैठकीत हाच विषय निघाला. पुन्हा असं कुणी काही घेऊन आलं तर? खजिनदारांचं म्हणणं, रीतसर पावती फाडावी. पावतीला नाव लागतं, तिथे गाडी अडली. बऱ्याच चर्चेनंतर मी इतिवृत्तात लिहिलं: आलेलं घ्यावं, त्याच दिवशी पोचवावं, आणि मासळी असल्यास ती कार्यालयात न ठेवता मागच्या पडवीत ठेवावी. ठराव एकमतानं मंजूर.