बीपीच्या गोळीचा खोकला

लालबागच्या आमच्या मेडिकलवर कोरड्या खोकल्याचं सिरप मागायला कुणी आलं की मी आधी विचारते, "काका, बीपीची कुठली गोळी चालू आहे?" समोर टॉवरचं काम चालू आहे, धूळ उडते, त्यामुळे सगळे धुळीलाच दोष देतात. धुळीनेही खोकला होतोच. पण पट्टीवर रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल लिहिलेलं असेल, तर मी सिरप देण्याआधी थांबते, कारण खोकला त्या गोळीचाही असू शकतो.

रक्ताचा दाब उतरला किंवा अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की मूत्रपिंड रेनिन हे एन्झाइम रक्तात सोडतं. टिगरस्टेट आणि बेर्गमन या संशोधकांना ते १८९८ मध्ये स्टॉकहोमला सशाच्या मूत्रपिंडात सापडलं. यकृताने बनवलेल्या एका मोठ्या प्रथिनातून रेनिन १० अमिनो आम्लांचा तुकडा कापतं. हा अँजिओटेन्सिन-१. त्याच्याने फारसं काही होत नाही. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर एसीई नावाचं दुसरं एन्झाइम भरपूर असतं. ते त्यातली २ आम्लं छाटतं आणि उरतो अँजिओटेन्सिन-२. हा खरा जोरकस हार्मोन. रक्तवाहिन्या आवळतो, मीठ धरून ठेवायला लावतो, दाब चढवतो.

रॅमिप्रिल एसीईलाच अडवते. या औषधांचं मूळ ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात आहे. त्या विषातल्या घटकांवरून स्क्विब कंपनीत कुशमन आणि ओंडेट्टी यांनी १९७५ मध्ये कॅप्टोप्रिल बनवलं. सापाच्या विषावर काम करणाऱ्या परळच्या हाफकिन संस्थेच्या शेजारी वाढलेल्या मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

मग खोकला कुठून आला? एसीईकडे आणखी एक काम असतं, ब्रॅडिकायनिन नावाचं शरीरातलं एक रसायन मोडून टाकायचं. एसीई अडलं की ते साठतं आणि घसा खवखवत राहतो. सगळ्यांना होत नाही, पण ज्यांना होतो त्यांची रात्रीची झोप जाते. चाळीतल्या एक मावशी ज्येष्ठमध चघळून, आल्याचा काढा पिऊन थकल्या होत्या. त्यांना गोळी बंद करायची होती. मी हात जोडून सांगितलं, स्वतःहून बंद करू नका, पट्टी घेऊन डॉक्टरांकडे जा. अचानक गोळी सोडली तर दाब पुन्हा चढतो, आणि चढलेला दाब कळतही नाही.

डॉक्टरांनी त्यांना टेल्मिसार्टन दिली. ती एसीईला हात लावत नाही, अँजिओटेन्सिन-२ जिथे जाऊन बसतो ती जागा अडवते. ब्रॅडिकायनिन आपलं मोडत राहतं. खोकला जायला मात्र एक ते चार आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त, तेव्हा दोन दिवसांत नवी गोळीही लागू पडत नाही असं ठरवू नका.