तिसऱ्या रांगेतला आवाज

रविवार. साताऱ्याची वृंदगान स्पर्धा डोक्यातून जात नाहीये, झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसले.

"तिसऱ्या रांगेतून एक आवाज वेगळा येत होता." परीक्षक एवढंच बोलले आणि पुढच्या संघाच्या कागदाकडे वळले. वेगळा म्हणजे चांगला वेगळा की कसला वेगळा? माइक हातात आहे तर पूर्ण तरी बोला की. सूर, ताल, शब्दोच्चार, सांघिकता असे रकाने होते त्यांच्याकडे, आणि सांघिकतेत आमचे मार्क गेलेत हे सांगायला कुणी ज्योतिषी नको. उत्तेजनार्थ.

तिसऱ्या रांगेत आम्ही उंच बायका. पुरुष चारच, ते बाजूला ढोलकीजवळ.

साताऱ्याहून निघाल्यापासून सांगली येईपर्यंत गाडीत त्या वाक्याबद्दल एक अक्षर कुणी काढलं नाही. कंदी पेढ्यांचा बॉक्स फिरला, कुणाची तरी कानातली रिंग हरवली ती सगळ्यांनी सीटखाली वाकून शोधली, पेठ नाक्याला चहा झाला. उत्तेजनार्थ तर उत्तेजनार्थ, पहिल्याच वर्षी स्टेजवर गेलो हेच खूप, असं सगळे एकमेकांना सांगत होते आणि मी खिडकीला डोकं टेकून झोपल्याचं नाटक करत होते. सूत्रसंचालिकेनं सुरुवातीलाच घोळ घातला होता. सांगलीचा संघ म्हटल्यावर तिनं 1843 चं पहिलं मराठी नाटक, नाट्यपंढरी, सगळं काढलं, आणि आम्ही इकडे विंगेत खडीसाखर चघळत कुणाचा पदर कुणाच्या पिनेत अडकलाय ते सोडवतोय.

मीच असणार. दुसऱ्या अंतऱ्यात वरचा षड्ज, वरचा सा, येतो ना, तिथंच. सरांनी सांगितलेलं, सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, शेजारचीनं घेतला की आपण सूर धरून ठेवायचा म्हणजे ओळ तुटत नाही. मी धरते. बाकीच्या सोडून देतात, मग उरतं कोण? आणि पट्टीचं भांडण तर आमच्यात कायमचंच, पेटीवरची उंच काळी चार घेतली की पुरुष वर जाऊन किंचाळतात, खालची काळी एक घेतली की आम्ही खालच्या पंचमात गडप, शेवटी सरांनी मधलं काहीतरी ठरवलं जे कुणालाच सोयीचं नाही. अशात कुणीतरी सूर धरायला नको? लहानपणी क्लास सोडावा लागला नसता तर आज मी रांगेत तरी असते का... जाऊदे, आण्णांचं ते परत नको.

सकाळी पोळ्या करताना हे म्हणाले, "अगं उत्तेजनार्थ म्हणजे काय, शेवटून पहिले ना?" मी काही बोलले नाही, पोळी करपली तेवढी त्यांच्या ताटात वाढली.

मग अकराच्या सुमाराला ग्रुपवर व्हिडिओ आला. इयरफोन लावला, दार लावून घेतलं. पहिल्यांदा सगळा, मग नुसता दुसरा अंतरा, मग त्यातली नुसती ती ओळ. पेटी येते. वहिनींचा 'स' येतो, तो नेहमीच येतो. ढोलकी सम सोडून थोडी पुढं पळते तेही येतं. मी नाही. ओठ हलतायत, मान वर आहे, आवाज नाही म्हणजे नाहीच. मुलाला पाठवला तर पुण्याहून त्याचा मेसेज, "मस्त आई, पण यातली तू कुठली?" सगळ्यांच्या हिरव्या साड्या, त्याचं तरी काय चुकलं. तरी लागलं.

म्हणजे सकाळपर्यंत मी आपला आवाज वेगळा आला म्हणून कुढत होते आणि दुपारपासून आला नाही म्हणून. कशात समाधान आहे बाई तुला?

सर इथं असते तर त्यांनी परत मिरजेचा तंबोरा काढला असता. सतारमेकर गल्लीत नेलं होतं आम्हाला एकदा, मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना 2024 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाल्यापासून त्यांना तर निमित्तच हवं असतं. तिथल्या कारागिरानं तारेखाली सुताचा दोरा किंचित सरकवून जवारी, म्हणजे तारेची ती घुमणारी गुंज, लावली आणि वाजवून दाखवलं. तारा चारच, एक पंचम, दोन जोड सा च्या, एक खर्ज म्हणजे खालचा सा, पण नीट जुळल्या की त्यातून गंधार, म्हणजे ग, ऐकू येतो, जो कुणी लावलेलाच नाही. खर्जातच असतो म्हणे तो. सर आमच्याकडे बघून म्हणाले, बघा, यातली कुठली तार कुठली ते कळतंय का, वृंदगान हे असं पाहिजे. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, खरंच. आज वाटतं, तारेचं बरं आहे, तिचा मुलगा पुण्याला नसतो.

संध्याकाळी बँकवालीचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच, "अगं, तो वेगळा आवाज माझा होता का गं?" मी म्हटलं, छे, तुझा कसला! आणि फोन ठेवल्यावर इतका राग आला, की हिला असं वाटलंच कसं, हिचा तर वरच्या षड्जाला नुसता वारा येतो. म्हणजे तो आवाज वाईट असला तरी मला तो दुसऱ्या कुणाला द्यायचा नाहीये असं दिसतंय. मग एकटीच हसले. ह्यांनी विचारलं काय झालं, म्हटलं काही नाही, आमटी गरम करते.

थोड्या वेळानं धाकट्या बहिणीनं पण मेसेज करून तेच विचारलं. तीही तिसऱ्याच रांगेतली. तिला मी नुसता हसणारा चेहरा पाठवला.

बुधवारी प्रॅक्टिसला सरांना विचारावं का, की नकोच? विचारलं तर ते खरं सांगतील आणि नाही विचारलं तर मी दिवाळीपर्यंत हेच चघळत बसेन. बघू.

ग्रुपवर आता पुढच्या वेळच्या साडीच्या रंगाचं चाललंय. सगळ्यांनी मोरपंखी लिहिलंय. मी पिवळी लिहिलं, आणि लिहून झाल्यावर बाकीच्यांचं वाचलं. राहू दे पिवळीच.